लाल दांडा कोण ओढतं?

दोन मुलं समोरासमोर बसली आहेत. मधल्या यंत्रावर दोन ताटल्या आहेत: एकीत चार गोळ्या, दुसरीत एकच. निर्णय त्यांच्यापैकी एकाच्या हातात. हिरवा दांडा ओढला तर ज्याच्या त्याच्या ताटलीतलं ज्याला त्याला मिळतं. लाल ओढला तर सगळ्या गोळ्या मधल्या वाडग्यात जातात आणि दोघंही रिकाम्या हातानं उठतात.

स्वतःला एक आणि समोरच्याला चार, असं दिसलं की चार वर्षांचं मूलही बऱ्याचदा लाल दांडा ओढतं. हातची गोळी गेली तरी चालेल! ताटल्या उलट ठेवल्या की तेच मूल खुशाल हिरवा दांडा ओढतं. जास्तीचा वाटा नको म्हणणारी मुलं अमेरिकेतल्या प्रयोगांत साधारण आठव्या वर्षी दिसू लागली.

हाच प्रयोग पुढे भारतासह सात देशांतल्या मुलांच्या ८६६ जोड्यांवर झाला. निष्कर्ष २०१५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आले. आपल्याला कमी मिळाल्याचा राग सगळीकडे दिसला. स्वतःचा फायदा नाकारणं मात्र अमेरिका, कॅनडा आणि युगांडा या तीनच देशांतल्या मोठ्या मुलांत आढळलं. म्हणजे पहिली भावना मुलाला वाढता वाढता येतेच. दुसरी येते की नाही, यात भोवतालचा हात मोठा असावा. नागरी हक्कांचं शिक्षण इथेच कामाला यायला हवं, असं मला वाटतं.

'एवढ्या लहान वयात भेदभावाचं कशाला सांगायचं?' असं पालक विचारतात. काळजी समजण्यासारखी आहे. पण रेबेका बिगलर आणि ज्युली ह्यूज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास बघा. प्राथमिक शाळेतल्या मुलांना त्यांनी नामवंत कृष्णवर्णीय अमेरिकनांची चरित्रं शिकवली. काही मुलांच्या धड्यांत या माणसांनी सोसलेला वंशभेदही होता, बाकीच्यांच्या धड्यांतून तो गाळला होता. वंशभेदाबद्दल शिकलेल्या गोऱ्या मुलांची कृष्णवर्णीयांविषयीची मतं अधिक चांगली झाली. नुसतं कर्तृत्व सांगून तेवढं साधलं नाही.

आपण तर गाळण्यात पटाईत आहोत. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी १९२७ मध्ये प्राशन केलं, हे मुलांना सांगतो. अडवणारे कोण होते, तिथे आवाज खाली जातो.

रोझा पार्क्स यांची गोष्टही अशीच पातळ केली जाते: दमलेल्या कृष्णवर्णीय बाई, बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही, कायदा बदलला. प्रत्यक्षात १ डिसेंबर १९५५ ला अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात अटक झाली तेव्हा त्या ४२ वर्षांच्या, मुरलेल्या कार्यकर्त्या होत्या. त्याच उन्हाळ्यात चळवळीतल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणाऱ्या हायलँडर फोक स्कूलच्या कार्यशाळेला जाऊन आल्या होत्या. अटकेच्या रात्री तिथल्याच प्राध्यापक जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी सहकाऱ्यांच्या मदतीनं बसवर बहिष्कार घालायचं आवाहन करणारी हजारो पत्रकं छापून काढली. मग ३८१ दिवस लोक पायी गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले, पण बसमध्ये चढले नाहीत. अहिंसक बदल म्हणजे रोजची एवढी कामं, आणि ती सात वर्षांच्या मुलाला नीट कळतात.

रॉबर्ट ग्रेट्झ यांच्याबद्दलही सांगावं. हे गोरे धर्मगुरू. बसमध्ये पुढची जागा त्यांना न मागता मिळत होती. बहिष्कारात ते स्वतःच्या गाडीतून कृष्णवर्णीय कामगारांना नेत-आणत राहिले. त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. मुलांना विचारा, यांचं तर काहीच अडत नव्हतं, मग ते का गेले? आणि उत्तराची घाई करू नका.