कोकमाच्या रंगाचं पाणी आणि खेकड्याची नांगी

आम्ही वडोदऱ्याला मांजलपूरला राहतो. गेल्या रविवारी सोसायटीत पाण्याचं मशीन विकणारा आला. एका पेल्यात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवल्या. मिनिटभरात आमच्या पेल्यात तपकिरी गाळ, त्याचा पेला नितळ. "अगबाई, हे पितो आपण?" आई म्हणाली. मी त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून कांड्या पुन्हा लावायला सांगितल्या. तोही पेला तपकिरी झाला! गाळ त्याच्या लोखंडी कांडीचाच होता. क्षार नसलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही, एवढीच ती जादू.

आमचं पाणी क्षाराचं आहे, हे मात्र खरं. तुरीची डाळ शिजता शिजत नाही. मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून सोमवारी बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत नेलं. ५० मिली पाणी, सामू (पीएच) १० ठेवायला अमोनियाचा बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी नावाच्या रंगद्रव्याची चिमूट. रंग थेट कोकम सरबताचा. मग ब्यूरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या नळीतून, ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन थेंब थेंब. आधी जांभळट झाक आली, आणि २१ मिलीला एका थेंबात सगळं स्वच्छ निळं.

झालं काय? साध्या सहसंयुज बंधात दोन्ही अणू एकेक इलेक्ट्रॉनची वर्गणी काढतात. इथे धातूच्या बंधात दोन्ही इलेक्ट्रॉन लिगँडचेच, म्हणजे धातूला धरणाऱ्या रेणूचे. धातू हात हलवत येतो. पाण्यातल्या मॅग्नेशियमभोवती पाण्याचे सहा रेणू असतात, ऑक्सिजनची बाजू आत करून. ईडीटीएचा एकच रेणू दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन पुढे करून त्या सहाही जागा पकडतो. अशा पकडीला मॉर्गन आणि ड्र्यू यांनी १९२० साली 'कीलेट' म्हटलं, खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक शब्दावरून.

पण नांगी घट्ट म्हणून ईडीटीए जिंकतो, हे अर्धसत्य आहे. मॅग्नेशियमच्या बाबतीत तर या अदलाबदलीत थोडी उष्णता उलट शोषलीच जाते. मग ती होते कशी? मोजून बघा. आधी सुटे कण दोन: पाण्याने वेढलेलं मॅग्नेशियम आणि ईडीटीए. नंतर सात: त्यांची जोडी आणि मोकळे झालेले पाण्याचे सहा रेणू. सात कणांना विखुरण्याच्या तऱ्हा कितीतरी जास्त, म्हणजे एन्ट्रॉपी वाढली. शिवाय ईडीटीएच्या ऋण भाराभोवती अदबीने उभे असलेले पाण्याचे रेणूही सुटतात, ते वेगळेच. पकडीपेक्षा सुटकेचा वाटा मोठा!

रंगद्रव्यही लिगँडच, पण त्याची पकड ढिली. मॅग्नेशियम हाताशी असेपर्यंत ते कोकमी. ईडीटीएने शेवटचा आयन हिसकावला की आपल्या मूळ निळ्यावर येतं. आणि तो नाकात जाणारा अमोनिया कशाला? आम्लात ईडीटीएच्या त्याच जागांवर हायड्रोजन ठाण मांडून बसतो, धातूला शिरकाव नाही.

ईडीटीएचा एक रेणू म्हणजे धातूचा एक आयन. त्या हिशेबाने आमच्या पाण्याची कठीणता, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात लिटरला ४२० मिलिग्रॅम निघाली. भारतीय मानक २०० म्हणतं, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. आईला आकडा सांगितला. "म्हणजे डाळीत सोडा घालू ना?"

घाल म्हटलं.