सार्वकालिक श्रेष्ठ रॅपर कोण? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

२०१५ साली अमेरिकेतील एका प्रतिष्ठित संगीत साप्ताहिकाने सार्वकालिक श्रेष्ठ दहा रॅपरांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा पहिला क्रमांक मिळाला तो १९९७ मध्ये गोळीबारात मारल्या गेलेल्या ब्रुकलिनच्या रॅपरला. १९९६ मध्ये लास वेगासमधील हल्ल्यानंतर मरण पावलेला त्याचा कॅलिफोर्नियातील प्रतिस्पर्धी त्या दहांत नव्हताच. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच साप्ताहिकाने एका हिपहॉप मासिकाच्या साथीने पन्नास जणांची नवी यादी केली. तीत ब्रुकलिनचा रॅपर सहाव्या स्थानावर उतरला, त्याचा प्रतिस्पर्धी चौथ्या स्थानावर आला, नववा असलेला कॉम्प्टनचा रॅपर दुसरा झाला आणि आधी चौथा असलेला लाँग आयलंडचा रॅपर पहिल्या दहांतूनच बाहेर गेला. या चौघांपैकी दोघे तर मधल्या काळात हयातही नव्हते. त्यांचे क्रम बदलले याचा अर्थ मोजण्याच्या कसोट्या बदलल्या, आणि या वादाचा इतिहास हा प्रामुख्याने त्या कसोट्यांचाच इतिहास आहे.

पहिली कसोटी समोरासमोरच्या लढतीची होती. १९७३ पासून ब्राँक्समध्ये रुजलेल्या पार्ट्यांमध्ये माइक हाती असलेल्याचे, म्हणजे एमसीचे, काम गर्दी नाचती ठेवण्याचे होते, आणि त्या कामात जो सरस तोच मोठा मानला जाई. डिसेंबर १९८१ मध्ये हार्लेममधील एका क्लबात या समजुतीला तडा गेला. गर्दीला टाळ्या वाजवायला लावण्यात तरबेज असलेल्या एका लोकप्रिय एमसीला तिथल्याच एका तरुण रॅपरने बांधीव, तिखट आणि थेट त्याच्यावर रचलेल्या ओळींनी निष्प्रभ केले. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण कॅसेटवरून हातोहात फिरले आणि श्रेष्ठत्व गर्दीच्या आरोळीवर नव्हे, तर रचनेवर ठरावे, असे मानणाऱ्यांना त्यात आपला पहिला पुरावा सापडला. त्या लढतीतील एक आरोप पुढे सतत परतून आला म्हणून येथेच नोंदवला पाहिजे : प्रतिस्पर्धी दुसऱ्याकडून यमके विकत घेतो, असे त्या तरुणाने भर मंचावर सुनावले होते.

क्रमवारी कागदावर आणण्याचा एक ठळक आरंभीचा प्रयत्नही याच रॅपरचा होता. १९८७ मधील आपल्या अल्बमच्या आतील वेष्टनावर त्याने समकालीनांचे चक्क प्रगतिपुस्तक छापले. शब्दसंग्रह, उच्चारांची स्पष्टता, मौलिकता, आवाज, रंगमंचावरील वावर अशा निकषांवर गुण दिले आणि स्वतःला अर्थातच वरच्या श्रेणीत ठेवले. मुखपृष्ठावर जीपच्या चाकाखाली चिरडलेली लाल टोपी होती, आणि ती टोपी क्वीन्समधील कोणत्या तरुण रॅपरची ओळख होती हे कोणालाही सांगावे लागले नाही. त्याच क्वीन्सच्या रॅपरने २००० साली आपल्या अल्बमला ‘सार्वकालिक सर्वश्रेष्ठ’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे नाव दिले. मुष्टियुद्धाच्या जगातून आलेली ती उपाधी तेव्हापासून रॅपच्या प्रत्येक चर्चेत रूढ झाली.

१९८७ हे वर्ष आणखी एका कारणाने निर्णायक आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते कारण अधिक मोलाचे आहे. लाँग आयलंडच्या एका शांत आवाजाच्या रॅपरने त्या वर्षीच्या अल्बमात यमकाची जागाच बदलून टाकली. तोवर यमक बहुधा ओळीच्या शेवटी, ठरलेल्या ठोक्यावर पडत असे. लहानपणी सॅक्सोफोन वाजवलेल्या आणि जॅझवर पोसलेल्या या रॅपरने ते ओळीच्या पोटात आणले, दोन-तीन अक्षरांची यमके एकात एक गुंफली, वाक्य एका ओळीतून पुढच्या ओळीत वाहू दिले आणि हे सारे आवाज न चढवता केले. आज ज्याला आपण फ्लो, म्हणजे ठोक्यांवर शब्द वाहते ठेवण्याची लय, म्हणतो, त्याचे मोजमाप तेथून सुरू होते. २०१५ च्या यादीत त्याच्या वर असलेले तिघेही ही रीत पुढे नेणारे होते. तो आणि त्याचा साथीदार यांच्या जोडीला २०१२ च्या प्रवेशासाठी थोर कलावंतांचा गौरव करणाऱ्या क्लीव्हलँडच्या रॉक संगीत दालनाचे नामांकन मिळाले, पण प्रवेश मिळाला नाही. वर उल्लेखिलेले तिघे मात्र २०२० ते २०२२ या तीन वर्षांत त्या दालनात पोहोचले. यादी करणाऱ्यांना पाया विसरून कळस मोजण्याची सवय लागली आहे, असे म्हणण्यास येथे जागा आहे.

रचना हीच कसोटी ठरली, की रचना कोणाची हा प्रश्न अटळ होतो, आणि या वादात सर्वाधिक गुंता याच मुद्द्यावर झाला आहे. अलिखित नियम सोपा आहे : श्रेष्ठ म्हणवणाऱ्याने आपले शब्द स्वतः लिहिलेले असावेत. व्यवहारात मात्र हा नियम कधीच सरसकट लागू झालेला नाही. रॅपला रेडिओवर नेणारी १९७९ ची पहिली मोठी तबकडीच दुसऱ्याच्या शब्दांवर उभी होती. न्यू जर्सीतील पिझ्झाच्या दुकानात काम करणाऱ्या एका गायकाने त्यासाठी ब्राँक्सच्या एका एमसीची वही वापरली आणि मूळ रचनाकाराचे टोपणनाव ज्या ओळीत अक्षरे फोडून सांगितले होते, ती ओळही तशीच म्हटली. मूळ लेखकाला ना श्रेय मिळाले ना मानधन. तरीही त्या प्रकारावर ‘चोरी’ म्हणून बोट ठेवणारे लोक त्याच तबकडीला इतिहासाचा आरंभ मानतात.

त्यानंतरची उदाहरणे या नियमाला आणखी वाकवतात. १९८८ मध्ये ब्रुकलिनच्या एका निष्णात रॅपरने आपल्या विनोदी मित्राच्या पहिल्या अल्बमसाठी अनेक ओळी लिहून दिल्या, आणि त्यामुळे दोघांपैकी कोणाचाच मान कमी झाला नाही. कॉम्प्टनच्या गटात एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने म्हणायचे, हे उघड गुपित होते. त्याच गटातील निर्माता-रॅपरने १९९९ मध्ये जोरदार पुनरागमन केले ते गाणे ब्रुकलिनच्या मार्सी वसाहतीतून आलेल्या, २०२३ च्या यादीत अव्वल ठरलेल्या रॅपरने लिहिले होते. तेथे कोणी आक्षेप घेतला नाही, कारण ऐकणाऱ्यांनी त्याला मुख्यतः निर्माता मानले होते. म्हणजे नियम शब्दांना लागू होता असे दिसत असले, तरी प्रत्यक्षात तो दाव्याला लागू होता : जो स्वतःला सर्वश्रेष्ठ म्हणवत नाही त्याला उसने शब्द माफ, जो म्हणवतो त्याला नाहीत.

स्त्रियांच्या बाबतीत हाच नियम अधिक कठोरपणे वापरला गेला, हे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. न्यू जर्सीच्या ज्या गायिका-रॅपरने १९९८ च्या एकमेव एकल स्टुडिओ अल्बमवर पाच ग्रॅमी मिळवले आणि २०१५ मध्ये सातवे स्थान पटकावले, तिच्यावर सहवादकांनी लेखन व निर्मितीच्या श्रेयावरून दावा लावला होता. २००१ मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला, पण तिच्या प्रत्येक मूल्यमापनात आजही तो आधी काढला जातो. क्वीन्सच्या दुसऱ्या एका रॅपरला २०१४ च्या एका पुरस्कार समारंभात मंचावरून सांगावे लागले की आपल्या ओळी आपण स्वतः लिहितो. असे आपणहून सांगण्याची वेळ तिच्या तोडीच्या पुरुषांवर क्वचितच येत असे.

या पार्श्वभूमीवर जुलै २०१५ मधील प्रकरण पाहावे लागते. फिलाडेल्फियाच्या एका रॅपरने, स्वतःच्याच अल्बमवरील पाहुण्याच्या ओळी त्या पाहुण्याने लिहिलेल्या नाहीत, असे समाजमाध्यमावर जाहीर केले. तो पाहुणा होता त्या वेळचा सर्वाधिक ऐकला जाणारा टोरंटोचा रॅपर. काही दिवसांतच न्यू यॉर्कच्या एका रेडिओ केंद्राने दुसऱ्या एका लेखकाच्या आवाजातील कच्चे ध्वनिमुद्रण वाजवले, आणि आरोपाला आधार मिळाला. बचावाची बाजूही पोकळ नव्हती. त्या लेखकाचे नाव टोरंटोच्या रॅपरच्या त्या वर्षीच्या गाण्यांच्या श्रेयनामावलीत छापलेलेच होते, आणि सामूहिक लेखन ही तोवर स्टुडिओतील सर्वमान्य रीत झाली होती. आरोपी रॅपरने मूळ प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी चार दिवसांच्या अंतराने दोन डिस ट्रॅक, म्हणजे प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडणारी गाणी, काढले. त्यातील दुसरा इतका गाजला, की त्याला ग्रॅमीचे नामांकन मिळाले आणि लोकमताने लढत त्या रॅपरला बहाल केली. शब्द कोणाचे, हा वाद अशा रीतीने निकालात न निघता बाजूला पडला. त्या वर्षीच्या दहांत टोरंटोचा रॅपर नव्हता, २०२३ मध्ये तो आठवा होता. नियम शिथिल झाला, हे कोणी जाहीर केले नाही, पण क्रमवारीत ते घडून गेले.

इतर कसोट्यांनीही आपापला वाटा उचलला. १९९५ च्या न्यू यॉर्कमधील पुरस्कार समारंभात अटलांटाच्या जोडीची हुर्यो उडवली गेली होती. त्याच जोडीने २००४ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी जिंकला, तेव्हा न्यू यॉर्कची मक्तेदारी मोडल्याचे यादीवाल्यांना मान्य करावे लागले. २०१४ मध्ये एका विश्लेषकाने प्रत्येक रॅपरचे पहिले ३५,००० शब्द घेऊन त्यांतील वेगवेगळे शब्द मोजले आणि अव्वल ठरला तो कोणत्याही मोठ्या यादीच्या शिखरावर नसलेला एक भूमिगत रॅपर. २०१८ मध्ये कॉम्प्टनच्या रॅपरला संगीताचे पुलित्झर मिळाले, जे तोवर शास्त्रीय व जॅझ संगीतापलीकडे गेले नव्हते. अकाली मृत्यूचा परिणाम मात्र मोजता येत नाही. चोविसाव्या आणि पंचविसाव्या वर्षी गेलेल्या दोघांना सुमार अल्बम काढण्याची वेळच आली नाही, आणि तीस वर्षे गाणाऱ्याशी त्यांची तुलना करताना हे क्वचितच हिशेबात धरले जाते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एका गाण्यात कॉम्प्टन व टोरंटोचे रॅपर धरून ‘तिघे मोठे’ अशी मांडणी झाली, मार्च २०२४ मध्ये कॉम्प्टनच्या रॅपरने ती नाकारली, आणि टोरंटोच्या रॅपरशी त्याची उघड लढत जुंपली. एप्रिलमध्ये टोरंटोच्या बाजूने आलेल्या एका गाण्यात १९९६ मध्ये मरण पावलेल्या रॅपरचा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार करून वापरण्यात आला. वारसदारांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिल्यावर ते गाणे मागे घ्यावे लागले. ३० एप्रिलच्या प्रत्युत्तरात कॉम्प्टनच्या रॅपरने दुसऱ्याकडून लिहून घेण्याचा आरोप आणि यंत्राचा आरोप एकाच ओळीत जोडला. १९८१ च्या हार्लेममधील आक्षेप त्यात नव्या रूपात परतला, कारण आता शब्दांइतकाच आवाज कोणाचा, हेही विचारावे लागत होते. मे महिन्यातील कॉम्प्टनच्या रॅपरच्या गाण्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच ग्रॅमी मिळवले. लढतीचा कौल स्पष्ट होता. लेखनाच्या नियमाबाबत मात्र २०१५ मध्ये जे अनिर्णित राहिले, ते तसेच आहे.