स्लॉट कार ट्रॅक, सुट्या खंडांचा

खाचेतून दिशा आणि खाचेलगतच्या धातुपट्ट्यांतून वीज घेणाऱ्या छोट्या मोटारींसाठीचा, उचलून नेऊन दुसरीकडे पुन्हा जोडता येणारा मार्ग. १:३२ प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक-बत्तिसांश लांबीच्या, गाड्या सर्वाधिक प्रचारात आहेत. १:२४ साठी जागा जास्त लागते. एचओ या त्याहून बऱ्याच लहान प्रमाणाचा ट्रॅक जेवणाच्या टेबलावरही मावतो.

उगम : लायोनेल कंपनीने १९१२ च्या सुमारास विजेवरच्या शर्यतीच्या गाड्या विकल्या, पण त्यांचा मार्ग आगगाडीच्या रुळांच्या जातीचा होता. १९५० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडमधील हौशी क्लबांनी उंच पट्टीवर गाड्या चालवल्या. पट्टीऐवजी खाच प्रथम कोणी वापरली यावर एकमत नाही. मात्र खाचेचा प्रसार फ्रेड फ्रान्सिस यांच्या मिनिमॉडेल्स कंपनीने १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात मांडलेल्या स्केलेक्स्ट्रिक या स्लॉट कार संचामुळे झाला, हे मत अधिक ग्राह्य दिसते. सुट्या खंडांच्या कल्पनेबद्दलही दोन मते आहेत. काहींच्या मते ती कारखान्यातल्या प्लास्टिक तुकड्यांतूनच आली (स्केलेक्स्ट्रिकचा नेहमीचा सरळ तुकडा ३५० मिमी, कारेरा या दुसऱ्या कंपनीचा ३४५ मिमी). पण लाकडी फळीवर खाच कोरून बनवलेले खंड पाहिले, तर त्यांचे नाते १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात रुजलेल्या एनट्रॅक या मॉडेल रेल्वेच्या पद्धतीशी जवळचे वाटते : खंड कोणीही बनवावा, फक्त टोके ठरलेल्या मापाची ठेवावीत.

जोड : या ट्रॅकची रचना म्हणजे मुख्यतः जोडाची रचना. वळणे कशीही घ्यावीत, पण खंडाच्या टोकाशी खाच काटकोनातच यावी आणि दोन लेनमधले अंतर सर्वत्र एकच असावे. जोडावर अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहिली तरी वेगातली गाडी उडू शकते. लाकडी खुंट्या वापराने सैल होतात, त्यामुळे धातूची पिन आणि ती जिच्यात बसते ती धातूची नळी, म्हणजे बुश, बरी. नाशकात सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत लेथचे काम सर्रास चालते, तेव्हा हे काम अवघड नाही. पिनने खंड एका रेषेत येतात. त्यांना आवळून धरायला पेटीला असते तशी ओढून बसणारी कडी खालून लावतात. टोकाला सुतार प्लायची आडवी पट्टी देतात, कारण एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) कडेत स्क्रू फार काळ टिकत नाही. ८ × ४ फुटी शीटमधून ४ × २ फुटांचे चार खंड निघतात. १२ मिमी जाडीच्या अशा एका फळीचे वजन साडेसहा-सात किलोच्या घरात जाते. चौकट धरून त्याहून जास्त. फ्लॅटच्या लिफ्टमध्ये दोन खंड तोंडाला तोंड लावून न्यावेत, म्हणजे तांब्याच्या पट्ट्या घासत नाहीत.

वीज : तांब्याची टेप जोडावर एकमेकींना टेकवून वीज पुढे नेण्याचा मोह टाळावा. प्रत्येक खंडाखाली स्वतंत्र मुख्य तारा टाकून त्या प्लगने पुढच्या खंडाला जोडाव्यात. वर मिलिमीटरभर फट राहिली तरी गाडीखालची तांब्याची वेणी ती सहज ओलांडते. टेपच्या खालचा डिंक बहुधा वीज वाहून नेत नाही, म्हणून टेप जिथे टेपवर चढते तिथे सोल्डर हवाच. खंड उलटा फिरवून लावला तर दोन लेनच्या जागा बदलतात आणि पट्ट्यांची धन-ऋण बाजूही उलटते. प्लग जोडताच शॉर्ट! यावर साधा उपाय म्हणजे एका टोकाला फक्त पिना आणि दुसऱ्याला फक्त बुश, म्हणजे उलटा खंड बसतच नाही. काही जण लेन परस्परांच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या जोडून हे टाळू पाहतात, पण मग एका लेनवरची गाडी उलटी धावते.

लेनची लांबी : एका दिशेने एकदाच फिरून मिळणाऱ्या बंद मार्गावर, तो कितीही वाकडातिकडा असो, शेजारच्या दोन लेनमधला फरक २π × लेन-अंतर एवढाच राहतो. अंतर ९० मिमी धरल्यास तो सुमारे ५६५ मिमी होतो. इंग्रजी आठच्या आकारात तो शून्यावर येतो, पण त्यासाठी पूल लागतो आणि पूल वाहून नेणे ही स्वतंत्र कटकट आहे. सुवाह्य ट्रॅकवर डावागणिक लेन बदलून शर्यत घेणेच सोयीचे.

हवामान : नाशकात जून ते सप्टेंबर हा काळ एमडीएफला मारक ठरतो. उघड्या कडा दमट हवा पितात, फुगतात आणि खाच अरुंद होते. कडांना आणि खाचेच्या आतही सीलर द्यावा. तळाकडची बाजू रंगवायची राहून गेली तर फळी एका अंगाला वाकते. त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस शहराहून पुष्कळ अधिक असल्याने तिकडे प्लायच बरे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात उलट घडते. फळीला फुगायला-आकसायला वाव मिळावा म्हणून जोडाशी कागदाच्या जाडीइतकी फट मुद्दाम ठेवतात.

फेऱ्या मोजण्यासाठी एका सरळ खंडात खाचेखाली इन्फ्रारेड सेन्सर बसवतात. तो खंड चालकांच्या बाजूला ठेवतात.