गच्चीवरून पडद्यामागे: घरात लपवलेल्या हॅम अँटेनाची पार्श्वभूमी

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढची वीसेक वर्षं ठाण्यातल्या नौपाड्यापासून वाशीच्या सिडको वसाहतींपर्यंत गच्च्या अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांनी भरून गेल्या. त्या गर्दीत एखाद्या हॅमची, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्याची, दहा मीटरची तार कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. नव्वदच्या दशकात केबल आली, मागोमाग डिश आली, टीव्हीचे अँटेना उतरले. हॅमची तार एकटी पडली आणि मगच ती सोसायटीच्या कमिटीला दिसली. गच्ची सामाईक, तिला कुलूप, त्यात मोबाइल टॉवरमुळे ‘रेडिएशन’ची धास्ती घरोघरी पोचलेली. वायरलेसचा परवाना केंद्र सरकार देतं, गच्चीची किल्ली सोसायटीकडे असते. इथल्या हौशी रेडिओला घरात शिरावं लागलं ते यामुळे.

अँटेना मुळात जन्मला तो घरातच. १८८७ साली हाइनरिक हर्ट्झने जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत लहरी पकडल्या त्या तारेच्या एका कड्याने. लपवण्याचा इतिहासही मुंबईचा आहे. दुसरं महायुद्ध सुरू होताच १९३९ साली हॅम परवाने रद्द झाले. १९४२मध्ये उषा मेहता आणि सहकाऱ्यांचा भूमिगत काँग्रेस रेडिओ जागा बदलत बदलत ४२.३४ मीटरवर बोलत राहिला, १२ नोव्हेंबरला पकडला जाईपर्यंत. ४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ, आजच्या ४० मीटर हॅम बँडच्या आतच. (बँड म्हणजे हॅमना दिलेला लहरींचा पट्टा, नाव तरंगलांबीवरून.)

सगळ्यात जुना उपाय साध्या तारेचा. १४३ला मेगाहर्ट्झने भागलं की अर्ध्या तरंगलांबीच्या तारेची लांबी मीटरमध्ये मिळते: २८.४ला (१० मीटर बँड) ५ मीटर, १४.२ला (२० मीटर बँड) १०, ७.१ला (४० मीटर बँड) २०. वन बीएचकेचा हॉल साडेचार-पाच मीटरचा, म्हणजे १० मीटर बँडची तार छताच्या कडेने जेमतेम बसते. २० मीटर बँडसाठी तार पॅसेजमध्ये वळवावी लागते. मोटर वाइंडिंगची बावीस गेजची तार भिंतीच्या रंगात लपून जाते. सिमेंटजवळ तार विजेच्या दृष्टीने लांब झाल्यासारखी वागते, म्हणून हिशोबाची पूर्ण लांबी लावून दोन्ही टोकांकडून पाच-पाच सेंटिमीटर कापत, ती हव्या मेगाहर्ट्झला जुळेपर्यंत यावं. व्होल्टेज सर्वांत जास्त टोकांना असतं. ती घरच्या वायरिंगपासून, पडद्याच्या लोखंडी रॉडपासून आणि माणसांच्या हातापासून लांब हवीत.

आपल्याकडची मोठी अडचण आरसीसी. स्लॅबमधली सळयांची जाळी लहरी अडवते, म्हणून खिडकीजवळची जागा सोडवत नाही. पण खिडकीला सेफ्टी ग्रिल असतं. कमी मेगाहर्ट्झच्या बँडवर ते अँटेनाचाच भाग बनतं, आणि सरकती काच हलवली तरी एसडब्ल्यूआरचा (अँटेना रेडिओशी किती जुळला ते दाखवणारा) काटा हलतो. ऐरोली-वाशीच्या खारट हवेत ग्रिलचे सांधे गंजतात. असा सांधा डायोडसारखा वागून हार्मोनिक्स, म्हणजे मूळ लहरीच्या पटीतल्या नकोशा लहरी, तयार करतो. मग शेजाऱ्यांच्या टीव्हीत खरखर येते, आणि दोष आपल्या रेडिओ सेटचा समजून माणूस तो उघडून बसतो.

दुसरं वळण चुंबकीय लूपचं, म्हणजे लांब तारेऐवजी कंडेन्सरने जुळवलेल्या लहान कड्याचं. १९६०च्या दशकात अमेरिकी लष्कराने असा लूप प्रेषणासाठी वापरला आणि तिथून तो हॅम लोकांत आला. कृती सोपी आहे. एसीच्या कामाचा पाच सूत (१६ मिलिमीटर) कॉपर पाइप ३.१४ मीटर घेऊन एक मीटर व्यासाचं कडं करा. कड्याच्या उघड्या तोंडाशी साधारण ४८ पिकोफॅरडचा कंडेन्सर लावा, म्हणजे ते १४.२ मेगाहर्ट्झला जुळतं. आत २० सेंटिमीटर व्यासाचं लहान कडं, त्याला रेडिओपर्यंत जाणारी केबल, म्हणजे कोअ‍ॅक्स. या लूपचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे शक्तीच्या लहरी करणारा रोध, जेमतेम ०.१ ओहम भरतो, त्यामुळे प्रत्येक सांधा डागलेला हवा. बोल्ट आवळून भागत नाही. सगळं नीट जमलं तर निम्म्याहून जास्त शक्ती बाहेर पडते. हाच लूप ७ मेगाहर्ट्झला नेला तर आठवा हिस्साही अवघड. १० वॅटलाही कंडेन्सरवर दोन हजार व्होल्टच्या आसपास चढतात. जुन्या रेडिओचा गँग (फिरत्या पात्यांचा कंडेन्सर) वापरायचा तर त्याचे दोन भाग सीरिजमध्ये जोडा आणि ५ वॅटवर थांबा, नाहीतर पात्यांमध्ये ठिणगी पडते. बँडविड्थ अवघी २० किलोहर्ट्झ, थोडं सरकलं की पुन्हा जुळवणी. प्रेषण चालू असताना लूपला हात लावू नये आणि शेजारी बसूही नये.

तिसरं वळण संगणकाचं. २०१७मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी-८ ही संगणकाने संदेश देण्याघेण्याची पद्धत आणली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने चालणारी ही पद्धत, कानाला ऐकूही येणार नाही असा, गोंगाटाच्या २० डेसिबल खालचा सिग्नल उलगडते. खिडकीतल्या लूपवरून पाच वॅटने परदेश गाठणं त्यामुळे आवाक्यात आलं. घोडबंदर रोडच्या इमारतींना येऊरचे डोंगर आडवे येतात, खाडीकडे तोंड असलेल्या वाशीच्या खिडकीला खाऱ्या पाण्याचा फायदा मिळतो. घर घेताना हे कोण बघतं, पण अँटेनाला फरक पडतो.

आज मोठं दुखणं लांबीचं नाही, गोंगाटाचं आहे. एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर एसी, लिफ्टची ड्राइव्ह, सगळेच हवेत खरखर सोडतात. परीक्षा साधी: रेडिओ बॅटरीवर चालवा, घरचे एमसीबी एकेक पाडा, एस-मीटर (रेडिओवरचा सिग्नलची ताकद दाखवणारा मापक) बघत जा. गोंगाट पडला तर चोर घरातला. त्या यंत्राच्या वायरीला आणि कोअ‍ॅक्सला ३१ नंबरच्या मिश्रणाच्या मोठ्या फेराइट (खरखर अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) रिंगवर दहा-बारा वेढे घाला. सगळे एमसीबी पाडूनही खरखर तशीच राहिली तर ती लिफ्टच्या वेळांशी ताडून बघा.