मेळघाट रिकामा का होतो? स्थलांतरामागची दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

सोयाबीन घरात आलं आणि दिवाळी आटोपली की अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातून, म्हणजे धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतून, मजुरांच्या टोळ्या खाली उतरू लागतात. कोणी अकोट-परतवाड्याकडे हरभरा सोंगायला जातं, कोणी संत्र्याच्या बागांत, कोणी वीटभट्ट्यांवर, तर कोणी बऱ्हाणपूरकडे. मुकादमाची उचल बहुतेक वेळा आधीच घेतलेली असते. होळीला माणसं परततात, कारण इथल्या कोरकू आदिवासींचा वर्षातला सर्वांत मोठा सण तोच. फगवा, म्हणजे होळीची वर्गणी, मागून झाला, मेघनाथाची पूजा झाली की पुन्हा गाठोडी बांधली जातात आणि मृगापर्यंत गावात म्हातारेकोतारेच उरतात.

डोंगराळ मुलूख, कोरडवाहू शेती, मग माणसं जाणारच, असं स्पष्टीकरण सहज दिलं जातं. ते अपुरं आहे. मेळघाटात काम होतं आणि जगण्याची साधनंही होती. ती टप्प्याटप्प्याने लोकांच्या हातून गेली आणि त्या प्रत्येक टप्प्याचा निर्णय डोंगराखाली झाला. स्थलांतर रोखण्याच्या योजना आखताना हा इतिहास विसरला जातो, म्हणून तो सविस्तर सांगायला हवा.

सातपुड्याच्या या भागात, गाविलगडच्या डोंगररांगांत, कोरकू फिरती शेती करत. उतारावरची झाडं तोडून जाळायची, पावसाआधी त्या राखेत कुटकी, कोदो, सावा अशी भरड धान्यं पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून पुढे सरकायचं. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड जिंकला, पण त्याने डोंगरातल्या माणसाच्या जगण्यात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो १८५३ नंतर, निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आल्यावर. वऱ्हाडात कापसासाठी रेल्वे येत होती, स्लीपरांना आणि बांधकामाला लाकूड हवं होतं आणि मेळघाटात उत्तम सागवान होतं. १८६०च्या दशकात इथलं जंगल राखीव होऊ लागलं. फिरती शेती गुन्हा ठरली.

जंगल राखायला, तोडायला, वणवा विझवायला मात्र माणसं लागतच होती. त्यातून वनग्रामं वसवली गेली. वनखात्याने कुटुंबाला कसायला जमिनीचा तुकडा द्यायचा आणि त्या बदल्यात कुटुंबाने खात्याच्या कामाला हजर राहायचं, असा तो व्यवहार होता. जमीन कसणाऱ्याच्या नावावर नव्हती. सातबारा नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही, विहिरीची योजना नाही आणि नुकसानभरपाईही नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेच वावर कसूनही कागदोपत्री माणूस उपराच राहिला. आजच्या गरिबीचं मूळ शोधायचं तर ते पावसात किंवा मातीत शोधण्याआधी या व्यवहारात शोधावं, असं मला वाटतं.

तरीही त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती, ती म्हणजे मजुरी. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं कूपकटाई, म्हणजे जंगलाच्या आखून दिलेल्या तुकड्यातली (कुपातली) झाडतोड, चालली, आधी ठेकेदारांमार्फत, मग खात्यामार्फत आणि जंगल कामगार सहकारी संस्थांमार्फत. पावसाळा संपला की कुपात तोड सुरू व्हायची, बैलगाडीवाल्याला वाहतूक मिळायची, बाकीच्यांना बांबूतोड, वणवा अडवणाऱ्या जाळरेषा साफ करणं, रोपवन अशी कामं. मजुरी तुटपुंजी होती, शोषणही होतं, पण दिवाळी ते जून हा काळ गावातच निघत असे. आज नेमका हाच काळ स्थलांतराचा आहे.

गवळ्यांची गोष्ट थोडी वेगळी. चिखलदऱ्याच्या पठारावर त्यांच्या म्हशी चरायच्या. घाटातून दूध खाली पोहोचेपर्यंत नासणार, म्हणून ते आटवून खवा करायचा आणि परतवाड्याच्या बाजारात न्यायचा. चराईवर बंधनं आली तसा हा धंदा आक्रसत गेला.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी हा एक. पुढे ३६१ चौरस किलोमीटरचं गुगामल राष्ट्रीय उद्यान झालं, भोवती अभयारण्य झालं. वाघ वाचलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मेळघाटाचं जंगल टिकलं म्हणून सिपना, खापरा, गडगा या नद्या टिकल्या. पण तोड थांबली तेव्हा तोडीवर जगणाऱ्यांनी पुढे काय करायचं, याचा हिशेब कोणी मांडला नाही. १९८०च्या वनसंवर्धन कायद्यानंतर रस्ता, तलाव, विजेची तार यातल्या प्रत्येक कामासाठी वनजमिनीची परवानगी दिल्लीपर्यंत मागावी लागू लागली. मजुरी गेली आणि सिंचनाची वाटही बिकट झाली.

ती पोकळी रोजगार हमीने काही प्रमाणात भरली. १९७२च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या या योजनेचा कायदा राज्याने १९७७ मध्ये केला, तो १९७९ पासून लागू झाला आणि २००५ मध्ये देशाने त्याच वाटेवर आपला कायदा केला. मेळघाटात या कामांना मोठी मागणी असते. अडचण असते ती पैसे हातात पडण्याची. कायद्याने मजुरी १५ दिवसांत मिळायला हवी. इथे ती महिना-दोन महिने अडकली की घर चालत नाही, कारण मीठ-मिरची-तेल आठवडी बाजाराला आणावं लागतं आणि उधारीवर देणारा दुकानदार भाव लावून देतो. मुकादम मात्र उचल रोख मोजतो. ज्याच्या घरात आज दाणा नाही तो कोणाकडे जाईल, हे सांगायला अभ्यासगट नेमायची गरज नाही.

पोटाचा प्रश्न देशासमोर आला तो १९९३च्या पावसाळ्यात, कुपोषणाने बालमृत्यू झाल्याच्या बातम्यांनी. उच्च न्यायालयात याचिका झाल्या, १९९५ मध्ये आदिवासी भागातल्या आरोग्य-पोषणासाठी नवसंजीवन योजना आली. मेळघाटातल्या बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे तर १९८०च्या दशकापासूनच काम करत होते. त्यांनी दवाखान्याबरोबर शेतीतही हात घातला, कारण शेत आणि पोट यांना वेगळं काढता येत नाही हे त्यांना रोज दिसत होतं. कुपोषण आणि स्थलांतर यांचा संबंधही थेट आहे. गरोदर बाई वीटभट्टीवर गेली की तिची नोंद गावातल्या अंगणवाडीत आणि ती स्वतः शंभर किलोमीटर दूर. मूल तिथेच जन्मतं, लस चुकते, आहार चुकतो. होळीला घरी येतं तेव्हा त्याचं वजन घटलेलं असतं.

शेतीही बदलली. कुटकी-सावा मागे पडून सोयाबीन आलं. सोयाबीनला बाजार आहे, रोख पैसा आहे, पण बियाणं आणि खत विकत आणावं लागतं आणि पाऊस फिरला तर घरात खायला काहीच उरत नाही. कुटकी निदान कणगीत पडून राहायची.

मोहाचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फुलं नीट दिसावीत म्हणून पाचोळा आधी झाडून ठेवलेला असतो. वेचलेली फुलं अंगणात चार-पाच दिवस वाळवायची. पण साठवायला कोरडी जागा नाही आणि हातात पैसा नाही, म्हणून हंगामात पडेल त्या भावाने ती व्यापाऱ्याला द्यायची. वर्षानुवर्षं दारूबंदी कायद्याखाली मोहफुलं बाळगण्या-नेण्यावर बंधनं होती, त्यामुळे विकणाऱ्याला घासाघीस करायची सोयच नव्हती. ती बंधनं राज्याने २०२१ मध्ये उठवली. साठवणुकीचा प्रश्न मात्र तसाच आहे.

दरम्यान पुनर्वसन सुरू झालं. बोरी, कोहा, कुंड ही गावं २००० नंतरच्या काही वर्षांत अकोट भागात हलवली गेली. २००७ मध्ये सुमारे १,५०० चौरस किलोमीटर क्षेत्र वाघांचा अतिसंरक्षित अधिवास म्हणून अधिसूचित झालं आणि २००८ पासून कुटुंबामागे १० लाखांचं पॅकेज आल्यावर आणखी गावं उठली. रस्ता, शाळा, दवाखाना जवळ आला हे खरं. पण मोह, तेंदू, चराई, सरपण यांतून विनापैशाचं जे मिळत होतं त्याचं मोल १० लाखांत धरलेलं नव्हतं. जानेवारी २०१९ मध्ये काही पुनर्वसित कुटुंबं जंगलात परत गेली आणि तिथे वनकर्मचारी-पोलिसांशी संघर्ष झाला, त्यामागे हीच घुसमट होती.

जंगलात राहणाऱ्यांचा जंगलावरचा हक्क मान्य करणाऱ्या २००६च्या वनहक्क कायद्याने पहिल्यांदा उलटा प्रवाह सुरू केला. मेळघाटाच्या पायथ्याचं, अचलपूर तालुक्यातलं पायविहीर हे त्याचं ठळक उदाहरण. २०१२ मध्ये गावाला १९२ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल म्हणजे तेव्हा उजाड टेकड्या आणि माजलेली घाणेरीची झुडपं. 'खोज' संस्थेच्या साथीने गावाने घाणेरी उपटली, चर खोदले, झाडं लावली आणि या कामांची मजुरी रोजगार हमीतून घेतली. सीताफळं व्यापाऱ्याला झाडावर विकण्याऐवजी गावाने स्वतः प्रतवारी केली, खोक्यांत भरली, 'नॅचरल्स मेळघाट' या नावाने मुंबईपर्यंत पाठवली. २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. बाहेरगावी मजुरीला जाणंही कमी झालं.

पायविहीर डांबरी रस्त्याला लागून आहे, परतवाडा हाकेच्या अंतरावर आहे. हतरू, रायपूर, जारिदा पट्ट्यातल्या गावांना तो फायदा नाही. तिथे सीताफळाचं खोकं बाजारात पोहोचेपर्यंत फळ पिकून फुटेल. त्या गावांसाठी मोहाचं गोदाम, तेंदूपानांचा स्वतःचा लिलाव, बांबू आणि मध हे मार्ग जास्त जवळचे आहेत. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) गावसभेच्या शिफारशीवर एक हेक्टरपर्यंतच्या वनजमिनीत रस्ता, लहान तलाव, अंगणवाडी, वीजवाहिनी अशा १३ सुविधांना परवानगी देतं, तीही दिल्लीला न जाता. गोदामाला आधी रस्ता लागतो आणि रस्त्याची वाट या कलमातून जाते. तो प्रस्ताव करायला गावसभा भरावी लागते आणि ती दिवाळीआधी, माणसं गावात असतानाच भरवावी लागेल.