पहिला डाइव्ह कॉम्प्युटर निवडताना

डाइव्ह कॉम्प्युटर शरीरातला नायट्रोजन मोजतो, असा नवख्या पाणबुड्यांचा समज असतो, पण तसे नाही. हे यंत्र मुख्यतः पाण्याचा दाब आणि वेळ मोजते, आणि त्यावरून एका कल्पित शरीरात किती नायट्रोजन विरघळला असेल याचे गणित दर काही सेकंदांनी मांडते. पहिला कॉम्प्युटर घेताना ही गोष्ट मनात पक्की असली, तर सोयींच्या लांबलचक यादीतले नेमके काय पाहायचे हे पुष्कळसे आपोआप कळते.

समुद्रात दर 10 मीटर खोलीमागे दाब साधारण एका वातावरणाएवढा वाढतो, म्हणजे 30 मीटरवर तो पृष्ठभागावरच्या चौपट होतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत अधिक विरघळतो आणि घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधे, मज्जारज्जू किंवा मेंदू यांना इजा होऊ शकते. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून 1908 मध्ये यावर उपाय सुचवला. त्यांनी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले, प्रत्येकाचा नायट्रोजनने भरण्याचा वेग वेगळा. पाच मिनिटांचा कप्पा पहिल्या पाच मिनिटांत निम्मा भरतो, पुढच्या पाच मिनिटांत उरलेल्याच्या निम्मा, आणि असेच पुढे. आजच्या अनेक कॉम्प्युटरांत वापरले जाणारे स्विस डॉक्टर ब्यूलमन यांचे गणित असे 16 कप्पे मानते, आणि त्यांतल्या सर्वांत संथ कप्प्याला निम्मे भरायला 635 मिनिटे लागतात.

हे कप्पे कोणत्याही एका माणसाचे नाहीत. थकवा, थंडी, शरीरातले कमी झालेले पाणी यांची या गणिताला बहुधा दखल नसते. म्हणून सावधगिरीची पातळी वाढवता येईल असाच कॉम्प्युटर घ्यावा, आणि ती पातळी बदलल्यावर तळाशी राहण्याची मुदत किती घटते हे कोरड्या जमिनीवरच पाहून ठेवावे.

मग पडदा. गढूळ पाण्यात, मुखवट्याच्या काचेतून, खोली, उरलेली मुदत आणि वर येण्याचा वेग हे तीन आकडे एका नजरेत वाचता आले पाहिजेत. माझ्या मते रंगीत आलेख आणि होकायंत्र यांच्याआधी याचा विचार व्हावा. जाड हातमोजे घालून बटणे दाबून पाहावीत. मिनिटाला 9 ते 10 मीटरपेक्षा वेगाने वर येत असल्याचा इशारा ठळक हवा, आणि वर येताना सुरक्षेसाठी 5 मीटरवर घ्यायच्या तीन मिनिटांच्या थांब्याची मोजणी आपोआप सुरू व्हावी. नायट्रॉक्सची, म्हणजे हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या श्वसनमिश्रणाची, सोय मात्र जरूर असावी, कारण पुढे ती लागतेच. टाकीतला दाब मनगटावर दाखवणारा ट्रान्समीटर नंतरही घेता येतो, फक्त मूळ यंत्र त्याला जुळणारे हवे.

कॉम्प्युटर प्रत्येकाचा स्वतंत्र असावा आणि दिवसभरच्या सगळ्या डुबक्यांना तोच वापरावा. पहिल्या डुबकीत नावेत पडून राहिलेला कॉम्प्युटर दुसऱ्या डुबकीला मनगटावर बांधला, तर त्याच्या हिशेबी तुमचे सगळे कप्पे पृष्ठभागावरच्या पातळीलाच आहेत, आणि तो तुम्हाला तळाशी जी मुदत देईल ती तुमची नसेल.