रिपोर्ट नॉर्मल, अंग मात्र जड

थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच 2.1 आलं. डॉक्टर म्हणतात, "छान, हीच गोळी चालू ठेवा." समोर बसलेली बाई मान डोलावते, पण सकाळी अंथरुणातून उठवत का नाही, हे तिला अजून कळलेलं नसतं. फणीत केसांचा पुंजका येतोच आहे. एप्रिलच्या उकाड्यात घरातले सगळे पंख्याखाली सरकतात आणि ही शाल शोधते. बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. घरचे म्हणतात, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे की!"

थायरॉइड कमी असलेल्या आणि नियमित गोळी घेणाऱ्या रुग्णांपैकी साधारण 5 ते 10 टक्के जणांची ही तक्रार असते, असं युरोपातल्या तज्ज्ञांनी 2012च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मान्य केलं आहे. यातलेच काही जण, विशेषतः अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये, नेहमीची गोळी सोडून डुकराच्या वाळवलेल्या ग्रंथीच्या गोळ्यांकडे वळतात किंवा टी-3 नावाचं दुसरं हार्मोन मागून घेतात. त्यांना सरसकट भोळसट ठरवण्याआधी रुग्ण आणि डॉक्टरांमधलं हे भांडण कुठून आलं ते पाहायला हवं. माझ्या मते ते औषधाच्या शोधातून निघालेलं नाही. रुग्ण बरा झाला की नाही हे मोजायची पट्टी मध्येच बदलली, तिथे ते सुरू झालं.

सुरुवातीला पट्टी एकच होती, माणूस. 1873मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी मध्यम वयाच्या काही स्त्रियांचं वर्णन केलं. चेहरा सुजलेला, जीभ जाड, बोलणं जड, हालचाली मंद. पाच वर्षांनी विल्यम ऑर्ड यांनी या अवस्थेला मिक्सिडीमा हे नाव दिलं. थायरॉइडशी तिचा संबंध मात्र कळला तो शस्त्रक्रियेमुळे. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात गलगंड घरोघरी. बर्नचे थिओडोर कोखर ते गलगंड अतिशय सफाईने, पूर्ण ग्रंथीसकट काढत. 1883मध्ये त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासलं, तर ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती त्यांतले बरेच जण मंद, सुजलेले, थिजल्यासारखे झालेले. शस्त्रक्रिया जितकी चोख, तितका रुग्णाचा घात मोठा. कोखर यांनी ते लपवलं नाही, छापून टाकलं. पुढे 1909मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि मला वाटतं त्यातला निम्मा मान त्या प्रामाणिकपणाचा आहे.

मग उपचार. 1890मध्ये लिस्बनच्या दोन डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा तुकडा एका रुग्ण स्त्रीच्या कातडीखाली बसवला आणि दुसऱ्याच दिवसापासून तिला बरं वाटू लागलं. कलम इतक्या लवकर रुजणं शक्य नव्हतं, म्हणजे ग्रंथीतला रसच कामाला आला असणार. हा धागा इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने पकडला. 1891मध्ये त्याने मेंढीची ताजी ग्रंथी कापून, ग्लिसरीन आणि कार्बोलिक ॲसिडमध्ये तिचा अर्क काढून 46 वर्षांच्या एका बाईला टोचायला सुरुवात केली. सूज उतरली, बोलणं सुटं झालं, घाम येऊ लागला, पाळी परत आली. ती बाई त्यानंतर 28 वर्षं जगली आणि 1919मध्ये वारली. तेवढ्या काळात तिच्यासाठी 870हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरे यांनीच नंतर दिला.

सुईची गरज पुढच्याच वर्षी संपली. 1892मध्ये हेक्टर मॅकेन्झी आणि एडवर्ड फॉक्स या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की ग्रंथी नुसती खाल्ली तरी गुण येतो. फॉक्स यांची कृती तर चक्क स्वयंपाकघरातली आहे: मेंढीची ग्रंथी हलकी परतायची, बारीक करायची आणि करंट नावाच्या आंबट फळाच्या जेलीबरोबर खायची. आपल्याकडे कडू काढा गुळाच्या खड्याबरोबर देतात, त्यातलाच प्रकार. त्या काळात रक्ततपासणी नव्हती. डोस ठरायचा तो चेहऱ्यावरून, नाडीवरून, आवाजावरून. धडधड झाली की कमी करायचा, सुस्ती आली की वाढवायचा.

मेंढीची जागा डुकराने घेतली ती बाजारामुळे. शिकागोच्या प्रचंड कत्तलखान्यांत थायरॉइड ग्रंथी टाकाऊ मालात जात होत्या. आर्मर या मांस कंपनीने त्या वाळवून, पूड करून विकायला काढल्या, आणि पुढची पन्नासेक वर्षं अमेरिकेत थायरॉइडचं औषध म्हणजे हीच पूड. तिची अडचण प्रमाणाची होती. औषधकोशाचा नियम होता आयोडीन मोजण्याचा, हार्मोन मोजण्याचा नव्हता. आयोडीन तेवढंच असून गोळीत हार्मोन कमी-जास्त निघू शके. एका बाटलीने बरं वाटायचं, दुसरीने नाही.

रसायनशास्त्र दरम्यान पुढे सरकत होतं. 25 डिसेंबर 1914 रोजी, नाताळच्या दिवशी, मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे केले. पुढे डुकरांच्या तीन टन ग्रंथींतून हाती आलं जेमतेम 33 ग्रॅम. चार्ल्स हॅरिंग्टन यांनी 1926मध्ये रचना उलगडली आणि वर्षभरात जॉर्ज बार्जर यांच्यासोबत थायरॉक्सिन कृत्रिमरीत्या बनवलंही. पण ते महाग होतं आणि पोटातून नीट शोषलं जात नव्हतं. सोडियमचा क्षार आला तेव्हा, म्हणजे 1950च्या आसपास, खरी गोळी तयार झाली. आज आपल्याकडे फ्रिजवर किंवा देवघराशेजारी जी शंभर गोळ्यांची बाटली दिसते, तिच्यात हाच लेव्होथायरॉक्सिनचा क्षार असतो.

1952मध्ये लंडनमध्ये जॅक ग्रॉस आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांना रक्तात दुसरं हार्मोन सापडलं, टी-3. थायरॉक्सिन म्हणजे टी-4. त्यातला आयोडीनचा एक अणू गळला की टी-3 होतं, आणि पेशींवर खरं काम तेच करतं. मग टी-4ची गोळी पुरेशी का? याचं उत्तर 1970मध्ये मिळालं. ज्यांना थायरॉइडच उरलेली नाही अशा माणसांच्या शरीरातही टी-4पासून टी-3 बनतं, हे ब्रेव्हरमन, इंगबार आणि स्टर्लिंग यांनी दाखवलं. तर्क सरळ झाला: कच्चा माल द्या, शरीर लागेल तेवढं करून घेईल. टी-4 रक्तात निम्मं व्हायला आठवडा लागतो, म्हणून दिवसाला एक गोळी पुरते. टी-3 दिवसभरात ओसरतं, घेतल्यावर काही तासांत उसळतं आणि छातीत धडधड करतं. सोय सगळी टी-4च्या बाजूने होती.

त्याच सुमारास टीएसएच मोजण्याची किरणोत्सर्गी पद्धत दवाखान्यांत आली. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने, 1963पासून, थायरॉइडच्या किरणोत्सर्गी तपासण्या आणि उपचार रुजवले. इथल्या कित्येक डॉक्टरांना या विषयाची ओळख तिथेच झाली. टीएसएच ही मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची हाक असते. हार्मोन कमी असेल तर हाक मोठी, जास्त असेल तर ती बंद. या आकड्याने पहिल्यांदाच दिसलं की रुग्ण गरजेपेक्षा खूप जास्त औषध घेत होते. दिवसाला 200 ते 400 मायक्रोग्रॅम सर्रास दिलं जात होतं. ते 100-150च्या घरात आलं. हे चांगलंच झालं, कारण जास्तीच्या हार्मोनने हाडं झिजतात आणि उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होतात. पण त्याच वेळी डॉक्टरांची नजर चेहऱ्यावरून कागदावर गेली, आणि "आकडा बरोबर पण मी बरी नाही" म्हणणारी माणसं दिसू लागली. आधी ती जादा डोसाखाली झाकली गेली होती का, की डोस कमी झाल्यामुळे तयार झाली, यावर अजून वाद आहे. मला दोन्ही थोडं थोडं खरं वाटतं.

ग्रंथीच्या पुडीचं पुनरागमन या पोकळीतून झालं. तिच्या एका ग्रेनमध्ये, म्हणजे साधारण 60 मिलिग्रॅममध्ये, 38 मायक्रोग्रॅम टी-4 आणि 9 मायक्रोग्रॅम टी-3 असतं. प्रमाण सुमारे चारास एक. माणसाची ग्रंथी साधारण चौदास एक या प्रमाणात स्रवते. म्हणजे "नैसर्गिक" खरं, पण डुकरासाठी.

तरी रुग्णांच्या म्हणण्यात तथ्य शोधायचे प्रयत्न झाले. 1995मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी थायरॉइड काढलेल्या उंदरांना नुसतं टी-4 दिलं, तेव्हा सगळ्या अवयवांत टी-3 एकाच वेळी पूर्ववत होईना. 1999मध्ये लिथुआनियातल्या 33 रुग्णांच्या अभ्यासात टी-4चा थोडा भाग काढून टी-3 दिल्यावर मन आणि स्मरण सुधारल्याचं दिसलं आणि जगभर आशा पेटली. पुढच्या चाचण्यांनी ती विझवली. 2006मध्ये 11 चाचण्यांतले 1216 रुग्ण एकत्र मोजले, फरक दिसला नाही. 2013मध्ये अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयात 70 जणांना, कोणती ते न सांगता, नुसत्या टी-4ची आणि ग्रंथीची गोळी आलटून-पालटून दिली. लक्षणांच्या मोजमापात फरक नव्हता, पण जवळजवळ निम्म्यांनी ग्रंथीची गोळी पसंत केली आणि त्यांचं वजन जवळपास दोन किलोने उतरलेलं होतं. नुसत्या टी-4ची गोळी पसंत करणारे 19 टक्के निघाले. 2021मध्ये 75 जणांच्या तशाच चाचणीत एकूण निकाल पुन्हा बरोबरीत, पण सर्वांत जास्त त्रास असलेल्या एक तृतीयांश रुग्णांना टी-3 असलेली औषधं मानवली. सरासरीत अशी माणसं बुडून जातात.

उलट बाजूही आहे. 2001मध्ये ग्लासगोत, लक्षणं आहेत पण तपासण्या नॉर्मल आहेत अशांना थायरॉक्सिन दिलं, तर खोट्या गोळीपेक्षा जास्त काही मिळालं नाही. थकवा लोह कमी असल्यानेही येतो, बी-12नेही, पाळी थांबण्याच्या वयानेही, घोरताना श्वास अडकण्यानेही. आधी ते पाहून घ्यायला हवं. गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली जात असेल तर तेही. आणि गरोदरपणात टी-3 किंवा ग्रंथीची गोळी नको, कारण बाळाच्या मेंदूला आईच्या रक्तातलं टी-4 लागतं.

ब्रिटनमध्ये भांडण पैशाचंही झालं. तिथे टी-3च्या गोळ्यांच्या पाकिटाची किंमत 2009मध्ये 20 पौंड होती, ती 2017पर्यंत 248 पौंडांवर गेली. सरकारी आरोग्यसेवेने ते लिहून देणं आवळलं आणि रुग्ण परदेशातून मागवू लागले. 2021मध्ये तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने कंपनी आणि तिच्या मालकांना मिळून 10 कोटी पौंडांहून जास्त दंड केला.

आपल्याकडे हे वारं वेगळ्या दिशेने वाहिलं. सुश्रुतसंहितेत गलगंडाचं वर्णन आहे. हिमालयाच्या पायथ्याचा गलगंड आयोडीनच्या मिठाने घटतो, हे रामलिंगस्वामी यांनी कांगडा खोऱ्यात 1956पासून केलेल्या कामाने सिद्ध केलं. मीठ घराघरांत पोचल्यावरही थायरॉइड राहिलाच, कारण आता तो बहुतेक वेळा शरीराने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला असतो. जपानच्या हाशिमोतो यांनी 1912मध्ये चार स्त्रियांत वर्णन केलेला हाच तो आजार. मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतल्या 5376 प्रौढांच्या पाहणीत, 2013मध्ये, सुमारे 11 टक्के लोकांत थायरॉइड कमी आढळला. इथे डुकराची गोळी धर्म आणि शाकाहार दोन्ही आड येत असल्याने रुजली नाही. तिची जागा कांचनार गुग्गुळ, अश्वगंधा आणि रात्री भिजवलेल्या धण्याच्या पाण्याने घेतली. होमिओपॅथीतलं थायरॉइडिनम मूळचं मेंढीच्या ग्रंथीचं असतं, हे ते घेणाऱ्या शाकाहारी मंडळींना बहुधा ठाऊक नसतं. अश्वगंधेने थायरॉइडचं हार्मोन खरोखर वाढू शकतं, त्यामुळे गोळीच्या जोडीला ती घेत असाल तर डॉक्टरांना सांगणं भाग आहे. अमेरिकेत दुकानात मिळणारी दहा "थायरॉइड सपोर्ट" उत्पादनं 2013मध्ये तपासली, तर नऊंत टी-3 निघालं. वनस्पतीने बरं वाटतंय असं समजणारी माणसं हार्मोनच घेत होती.

अमेरिकेत ग्रंथीच्या गोळीला औषध प्रशासनाची रीतसर मंजुरी कधी मिळालीच नव्हती; ती कायद्याआधीपासून विकली जात होती म्हणून चालली. ऑगस्ट 2025मध्ये प्रशासनाने उत्पादकांना पत्रं पाठवून ही जैविक औषधं आहेत आणि त्यांना परवाना लागेल असं कळवलं. त्याच पत्रव्यवहाराच्या वेळी प्रशासनाने दिलेल्या अंदाजानुसार, 2024मध्ये अशी गोळी घेणारे तिथे सुमारे 15 लाख लोक होते.